आफ्रिकेत एपिडेमिऑलॉजी करायची तर एचआयव्ही-टीबी की बीपी-शुगर? जरा सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बीडीएस केलंत, प्रॅक्टिसमध्ये मन रमलं नाही, मग एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स) केलंत, आर ही डेटा विश्लेषणाची संगणक-भाषा बऱ्यापैकी येतं आणि आता आफ्रिकेत एपिडेमिऑलॉजिस्ट, म्हणजे लोकांमध्ये आजार किती आणि कसा पसरतो ते मोजणारे, म्हणून काम करायचंय. एचआयव्ही-टीबी-मलेरियाकडे जावं की डायबिटीस-बीपी-कॅन्सरकडे, स्कोप कशाला जास्त, आणि एमबीबीएस नाही म्हणून अडेल का, असं विचारलंय. शेवटी एका ओळीत घरचे घाबरलेत असंही लिहिलंय, त्यावर शेवटीच येते.

मी या कामात वीसेक वर्षं आहे. सुरुवात टीबीपासून, बराच काळ मलावीत, मधे काही वर्षं युगांडात, आणि आता माझा निम्म्याहून जास्त वेळ बीपी आणि शुगरच्या डेटात जातो. पण मी टीबी सोडून बीपीकडे वळले असं काही ठरवून झालेलं नाही. गावं तीच होती, त्या गावांत लोक कशाने मरतायत ते बदललं, आणि आम्ही त्याच्या मागे मागे गेलो. म्हणून माझं म्हणणं असं की आजार निवडत बसू नका, जागा निवडा. म्हणजे अशी जागा जिथे माणसं वर्षानुवर्षं नीट मोजली जातायत.

एक उदाहरण घेऊन सांगते, कारण नुसतं असं म्हटलं तर पटणार नाही. उत्तर मलावीत करोंगा नावाचा जिल्हा आहे, मलावी सरोवराच्या काठावर, वर टांझानियाची हद्द. १९७९-८० च्या सुमारास तिथे कुष्ठरोगाचा अभ्यास सुरू झाला. घरोघर जायचं, माणसं लिहून काढायची, प्रत्येकाची तपासणी करायची आणि काही वर्षांनी परत त्याच उंबऱ्यावर जाऊन तीच माणसं शोधायची. १९८६ पासून तिथे बीसीजी या टीबीच्या लसीची मोठी ट्रायल झाली, लाखाच्या वर लोक, निकाल आला १९९६ मध्ये. बीसीजीचा दुसरा डोस दिला तर कुष्ठरोग जवळपास निम्म्याने कमी होतो, टीबीवर मात्र काहीच फरक नाही. (आपल्याकडे तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या ट्रायलमध्येही मोठ्या माणसांच्या टीबीवर बीसीजीने निराशाच केली होती, तेव्हा भारतातल्या लोकांना याचं फार आश्चर्य वाटलं नसावं.)

आता पुढचं बघा. त्या कुष्ठरोगाच्या सर्व्हेत बोटातून रक्ताचे थेंब घेऊन फिल्टर पेपरवर वाळवून ठेवले होते. सुरुवातीचे घेतले तेव्हा एचआयव्ही हे नावसुद्धा कुणी ऐकलेलं नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी ते ४०,००० च्या वर नमुने काढून तपासले तर १९८१-८४ मध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास निघालं आणि १९८७-८९ मध्ये २ टक्क्यांच्या आसपास. एखादी साथ खेड्यात शिरताना, म्हणजे अगदी दारातून आत येताना, तिचा हिशोब हातात असणं फार दुर्मिळ आहे आणि तो मिळाला कशामुळे तर कुष्ठरोगवाल्यांनी नमुने जपले आणि कुठला नमुना कुणाचा, कुठल्या घरातला, ते लिहून ठेवलं म्हणून.

मग २००२ पासून त्याच जिल्ह्याच्या एका भागातल्या ३० हजारांवर लोकांची कायमची नोंद सुरू झाली, कोण जन्मलं, कोण मेलं, कोण आलं, कोण गेलं. त्यातून २००८ मध्ये जे छापून आलं ते मी आजही नवीन मुलांना वाचायला लावते. एचआयव्हीची औषधं येण्याआधी तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलाची साठीच्या आत मरण्याची शक्यता ४३ टक्के होती आणि प्रौढांचे ६५ टक्के मृत्यू एड्सचे होते. २००५ च्या जूनमध्ये जिल्ह्यात एआरटीचं, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं, क्लिनिक उघडलं. आठ महिन्यांत एकूण प्रौढ मृत्यू साधारण १० टक्क्यांनी कमी झाले, पण मेन रोडच्या जवळ राहणाऱ्यांमध्ये ३५ टक्क्यांनी. औषध तेच, क्लिनिक तेच, फरक फक्त गाडी मिळते की नाही याचा.

आणि २०१३ ते २०१६ मध्ये तीच गावं आणि राजधानी लिलाँग्वेतली एरिया २५ नावाची दाट वस्ती, दोन्ही मिळून ३० हजारांच्या आसपास प्रौढ, आता बीपी, शुगर, वजन, कमरेचा घेर. बीपी निघालेल्या निम्म्याहून जास्त लोकांना आपल्याला बीपी आहे हे माहीतच नव्हतं, आणि खेडं शहराच्या फार मागे होतं असंही नाही. म्हणजे कुष्ठरोग, टीबी, एचआयव्ही, बीपी-शुगर, सगळं एकाच नोंदवहीवर. यातल्या कुठल्या टप्प्यावर तुम्ही "संसर्गजन्य" आणि कुठल्या टप्प्यावर "क्रॉनिक" असता? एचआयव्ही तर आता स्वतःच क्रॉनिक आजार झालाय. २००५ मध्ये गोळी सुरू केलेला तिशीतला माणूस आज पन्नाशीत आहे आणि त्याला आता बीपी, किडनी, शुगर हेच बघायचंय. त्यात गंमत म्हणजे (गंमत कसली, संताप येतो) अनेक ठिकाणी त्याला एचआयव्हीची गोळी फुकट आणि वेळेवर मिळते आणि बीपीची गोळी त्याच आरोग्य केंद्रात महिनोन्‌महिने नसते.

साऊथ आफ्रिकेत क्वाझुलू-नताळमध्ये २०१८ ते २०२० या काळात वुकुझाझी नावाचा सर्व्हे झाला. गावात फिरता कॅम्प लावायचा आणि एकाच फेरीत एचआयव्ही, टीबी, डायबिटीस, बीपी सगळं तपासायचं, छातीचा एक्स-रेसुद्धा, जवळपास १८ हजार लोक. थुंकीत टीबी सापडलेल्यांपैकी बहुतेकांना खोकला-ताप अशी काही तक्रारच नव्हती. आता पुढे अशाच पद्धतीचं काम जास्त होत जाईल असं मला वाटतं, आणि असं काम करणाऱ्या टीमला "मी फक्त टीबीवाली" असं म्हणणारं माणूस नकोच असतं.

अशा कायमच्या नोंदवहीवर मी एवढी का अडून बसलेय? आपण मोजतो त्यात अंश आणि छेद असतात. हॉस्पिटलमध्ये तुम्हाला अंश दिसतो, किती पेशंट आले ते. छेद, म्हणजे कितींपैकी आले, तो दिसत नाही. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत मृत्यू नोंदणी अपुरी आहे, त्यामुळे छेद कुणीतरी पायी फिरून तयार करावा लागतो. अशा जागा आहेत: साऊथ आफ्रिकेत अगिनकोर्ट (१९९२ पासून), केनियात किलिफी, घानात नव्रोंगो, मोझांबिकमध्ये मन्हिसा, सेनेगलमध्ये नियाखार तर १९६२ पासून, युगांडात राकाई आणि क्यामुलिब्वा. १९९८ मध्ये यातल्या बऱ्याच जागांनी मिळून इनडेप्थ नावाचं नेटवर्क केलं, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे पुण्याजवळच्या वढूची केईएम हॉस्पिटलवाल्यांची साइटसुद्धा त्यात होती. त्यावर पुढे परत येते.

आता रोजचं काम कसं असतं ते थोडं सांगते, कारण एमपीएचच्या वर्गात हे येत नाही आणि लोक इथेच कंटाळतात किंवा इथेच प्रेमात पडतात.

वय. तुम्हाला वाटेल वय विचारणं सगळ्यात सोपं. साठीच्या पुढच्या माणसाला जन्माचं साल माहीत नसतं, मग घटनांचं कॅलेंडर लागतं, मलावी १९६४ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तुम्ही केवढे होतात, लग्न झालं होतं का, पहिलं मूल झालं होतं का. आपल्याकडे कोयनेचा भूकंप किंवा बहात्तरचा दुष्काळ विचारतात तसंच. वय पाच वर्षांनी चुकलं तर बीपीचा सगळा वयानुसार आलेख चुकतो, त्यामुळे यात घाई करणारा फील्डवर्कर मला चालत नाही.

शुगर. इथे जरा थांबते कारण हा मुद्दा दोन्ही बाजू माहीत असल्याशिवाय कळतच नाही. शहरातला डॉक्टर म्हणेल एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करा, उपाशी राहायची भानगड नाही. पण एचबीएवनसी हे लाल पेशी किती दिवस जगते यावर अवलंबून असतं. सिकलसेल, जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता, मलेरियाने पेशी फुटणं, यात पेशी लवकर मरते आणि आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया असेल तर उलट वर जाऊ शकतो. आणि सिकलसेल, जी-सिक्स-पीडी ही तिथे का आहेत? मलेरियामुळे. सिकलसेलचा एक जनुक असणाऱ्याला मलेरियापासून संरक्षण मिळतं हे १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्याच अभ्यासातून पुढे आलं. गडचिरोली-नंदुरबारला काम केलेल्यांना हे सांगायला नको. तर डायबिटीस मोजायचा असेल तर मलेरिया समजायला हवा. मग आम्ही उपाशीपोटी शुगर घ्यायचं ठरवतो, आणि लोक उजाडायच्या आत शेतावर जातात म्हणून टीमला त्याच्याही आधी अंधारात निघावं लागतं, आणि भातलावणीच्या दिवसांत तर सर्व्हे चक्क बंद ठेवायचा, नाहीतर घरी सापडतात ती आजारी आणि म्हातारी माणसंच आणि मग निष्कर्ष काय निघेल तुम्हीच सांगा.

शिवाय तिथला डायबिटीसवाला पुष्कळदा जाड नसतोच. सडपातळ, कधी कधी अगदी हडकुळा, लहानपणी खायचे हाल झालेला. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केईएममध्ये जे काम उभं केलं, १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा जो पाठपुरावा केला, ते आफ्रिकेत काम करताना रोज उपयोगी पडतं. कुपोषणाशी जोडलेल्या डायबिटीसला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबिटीस फेडरेशनने टाइप ५ म्हणून मान्यता दिली, त्याच्यामागे भारतातलं आणि आफ्रिकेतलं दोन्हीकडचं काम आहे. मुलाखतीत हे बोलता आलं तर तुमचं मराठी असणं पहिल्यांदाच सीव्हीत कामाला येईल.

स्थलांतर. तरुण पुरुष घरी सापडतच नाहीत, खाणीत, शहरात, हद्दीपलीकडे. कॅम्पला येतात बायका आणि वयस्कर माणसं. आणि आजार हाताबाहेर गेला की बाहेरचे मरायला गावी येतात, अगिनकोर्टच्या नोंदींत हे स्पष्ट दिसलंय. त्यामुळे गावातला मृत्यूदर वाढलेला दिसतो, पण आजार गावात लागलेलाच नसतो. मुंबईहून आजारी होऊन घरी परतलेला गिरणी कामगार ज्याच्या घरात होता त्याला हे चटकन कळेल.

मृत्यूचं कारण. सर्टिफिकेट नसतं, मग घरच्यांना भेटून शेवटच्या आजाराची सगळी हकिकत विचारायची, याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. कधी जायचं हे तिथल्या सुतकाच्या चालीरीती आणि गावचा मुखिया सांगेल तसं. फार लवकर गेलात तर क्रूरपणा, फार उशिरा गेलात तर आठवण पुसट. आणि रक्ताचा विषय तर अजूनच नाजूक. २०१७ मध्ये दक्षिण मलावीत रक्तपिपासू लोक फिरतायत अशी अफवा पसरून माणसं मारली गेली, संयुक्त राष्ट्रांनी दोन जिल्ह्यांतून आपला स्टाफ मागे घेतला. अशा वेळी किती मिली रक्त घेणार, ते कुठे जाणार, देशाबाहेर जाणार का, हे गावसभेत न वैतागता पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि लोकांचा संशय अडाणीपणातून येतो असं ज्याला वाटतं त्याने हे काम करू नये. रक्त नेऊन परत काही न कळवणारे संशोधक त्यांनी खरोखर पाहिलेत.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. पहिलं, तुमचा स्वभाव. साथ आली की पंधरा दिवसांत बॅग भरून जाणारे लोक वेगळे, इबोलासारखं काम त्यांचं. त्यासाठी एफईटीपी हा फील्ड एपिडेमिऑलॉजीचा प्रशिक्षण कार्यक्रम, आफ्रिका सीडीसी ही आफ्रिकन युनियनची आरोग्य संस्था, अशा वाटा आहेत आणि भारतात एनसीडीसी या केंद्र सरकारच्या संस्थेचा ईआयएस हा साथ-तपासणीचा प्रशिक्षण प्रोग्राम डॉक्टरांसाठी आहे. मी सांगतेय ते काम सावकाशीचं आहे, निकाल पाच-सात वर्षांनी. तुम्ही कुठल्या जातीचे आहात ते मी इथून नाही सांगू शकत.

दुसरं, पैसे. पगार ग्रँटवर, करार बहुतेक दोन-तीन वर्षांचा, आणि ग्रँट संपली की परत शोधाशोध. २०२५ मध्ये तर अमेरिकेने हात आखडता घेतल्यावर १९८४ पासून अनेक देशांत चाललेला, लोकसंख्या आणि आरोग्याचा डीएचएस सर्व्हे प्रोग्राम फेब्रुवारीत एका फटक्यात थांबला, चांगली चांगली माणसं घरी बसली. त्यामुळे "स्कोप" म्हणाल तर एचआयव्हीत पैसा अजूनही जास्त आहे पण त्यातला बराचसा एकाच खिशातून येत होता, आणि क्रॉनिक आजारांत पैसा आधीपासूनच कमी. दोन्हीकडे चालेल असं कौशल्य ठेवा, लाँगिट्यूडिनल डेटा (तीच माणसं वर्षानुवर्षं मोजलेली), सर्व्हायव्हल अॅनालिसिस (कोण किती काळ जगलं त्याचं गणित), मिसिंग डेटा. आर येतं म्हणता ते उत्तम, पण दहा वर्षांच्या भेटींमधून एकच माणूस तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने नोंदलाय हे शोधून जुळवता येतं का? हे ज्याला येतं त्याची नोकरी सहसा जात नाही.

तिसरं, आणि हे कुणी स्पष्ट बोलत नाही म्हणून बोलते. मलावी, युगांडा, केनियात आज त्यांचेच उत्तम एपिडेमिऑलॉजिस्ट आहेत. वीस वर्षांपूर्वी बाहेरचा माणूस सहज प्रमुख व्हायचा, आता तसं होत नाही आणि होऊही नये. तुम्ही तिथे का हवे आहात याचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे, आणि "आफ्रिकेला गरज आहे" हे उत्तर नाही. स्थानिक सहकाऱ्याचं नाव पेपरमध्ये कुठे येणार, डेटा कुठे राहणार, एथिक्सची परवानगी त्या देशातल्या समितीची आहे का, हे करार करतानाच विचारा. जे याला टाळतात त्यांच्याकडे मी तरी जाणार नाही.

एमबीबीएस नसल्याने अडत नाही. क्लिनिकल ट्रायलमध्ये काही जागा डॉक्टरांसाठीच असतात तेवढंच. उलट बीडीएस लपवू नका, लोक लपवतात. एचआयव्हीची कितीतरी लक्षणं आधी तोंडात दिसतात, कँडिडा नावाची बुरशी, कापोसी सार्कोमा हा कॅन्सर. आणि नोमा बघा, कुपोषित लहान मुलांमध्ये हिरडीपासून सुरू होऊन गाल खाऊन टाकणारा आजार, डब्ल्यूएचओने तो डिसेंबर २०२३ मध्ये दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला. वेळेवर ओळखला तर साध्या अँटिबायोटिकने थांबतो, नाहीतर मूल दगावतं, आणि जे वाचतात ते आयुष्यभर विद्रूप चेहरा घेऊन जगतात. किती मुलांना होतो याचे आकडे अतिशय कच्चे आहेत, म्हणजे परत छेदाचाच प्रश्न. नायजेरियात सोकोटोला त्याचं खास हॉस्पिटल आहे. हिरडी बघता येणारा एपिडेमिऑलॉजिस्ट किती जणांकडे असेल? मी तुमच्या जागी असते तर हा विषय गंभीरपणे वाचायला घेतला असता.

मग करायचं काय? थेट आफ्रिकेला अर्ज टाकण्याआधी वढूसारख्या साइटवर किंवा गडचिरोलीत सर्च या संस्थेसारख्या ठिकाणी एक-दोन वर्षं काढा, ऑफिसात नाही, घरोघर फिरणाऱ्या टीमबरोबर. त्यानंतर पुढची डिग्री करायची तर लंडन-बॉस्टनच डोळ्यासमोर ठेवू नका, जोहान्सबर्गचं विट्स किंवा कंपालाचं मकेरेरे विद्यापीठ बघा, तिथले वर्गमित्र पुढे तुमचे सहकारी होतात. मेल पाठवताना "मला आफ्रिकेत काम करायची तळमळ आहे" असं लिहू नका, आम्हाला अशा मेल रोज येतात. त्या साइटचा एक पेपर वाचा, त्यातला एक टेबल घ्या, आणि यात अमुक विश्लेषण करता येईल का असं चार ओळींत विचारा. भाषेचं म्हणाल तर इंग्रजीवर ऑफिस चालतं, गाव चालत नाही, करोंगात टुंबुका भाषा, लिलाँग्वेत चेवा. नमस्कार-चमत्कारापुरती तरी पहिल्या महिन्यात शिका, मलावीत ख्यालीखुशाली न विचारता कामाचं बोलणं उद्धटपणा समजतात.

राहिले घरचे. त्यांना बहुतेक इबोलाची आणि एचआयव्हीची भीती वाटत असणार. सर्व्हेचं काम करणाऱ्याला खरा धोका रस्त्याचा असतो, म्हणून अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही हा नियम टीमचा नसला तरी तुमचा असू द्या, आणि मागच्या सीटवरसुद्धा बेल्ट. पहाटे निघायचं असेल तर आदल्या रात्री त्या गावाजवळच मुक्काम करा. दुसरा धोका मलेरिया. गोळ्या, मच्छरदाणी, आणि सुट्टीवर घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरला आधी सांगायचं की मी आफ्रिकेतून आलेय, नाहीतर व्हायरल म्हणून दोन दिवस वाया जातात आणि फाल्सिपेरम या घातक मलेरियात दोन दिवस फार होतात. पिवळ्या तापाची लस युगांडा, घानासाठी लागतेच, केनियाहून भारतात परतताना लागते, ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. मलावी किंवा साऊथ आफ्रिकेला थेट जाणार असाल तर एरवी लागत नाही, पण वाटेत नैरोबी किंवा अदिस अबाबाला मुक्काम लांबला तर विचारतात, आणि पिवळ्या तापाच्या देशांतून परत येताना भारतात सर्टिफिकेट नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, म्हणून घेऊनच टाका आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.